आयोडीन : चिमूटभर मिठातले मोठे मूलद्रव्य

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर लोखंडाच्या नावाने ओळखले जाते. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने येथे उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणारे लोहखनिज, त्यापासून तयार होणारे पोलाद आणि देशभर अंथरले जाणारे रेल्वेचे रूळ यांचा हिशेब येथे टनांमध्ये केला जातो.

मात्र याच शहरातील प्रत्येक माणसाला आणखी एका मूलद्रव्याची रोज गरज असते आणि ते मोजण्यासाठी ग्रॅमचा दशलक्षावा भाग, म्हणजे मायक्रोग्रॅम, हे माप वापरावे लागते. ते मूलद्रव्य म्हणजे आयोडीन. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारे सर्व आयोडीन एकत्र केले तरी ते चार ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल एवढेच भरते. परंतु ही किंचितशी मात्रा न मिळाल्यास होणारी हानी किंचित नसते. टाळता येण्याजोग्या मेंदूच्या हानीचे जगातील एक प्रमुख कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आयोडीनच्या कमतरतेचा उल्लेख केला आहे.

युद्धाच्या धामधुमीत लागलेला शोध

आयोडीनचा शोध १८११ साली फ्रान्समध्ये लागला. त्या काळी युरोपात नेपोलियनची युद्धे सुरू होती आणि बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याला मोठी मागणी होती. सोरा तयार करण्याच्या व्यवसायात असलेले बर्नार कुर्त्वा हे समुद्री शेवाळाच्या राखेपासून लागणारे क्षार मिळवत असत. ही राख धुतल्यावर उरलेल्या द्रावणात त्यांनी एकदा नेहमीपेक्षा अधिक गंधकाम्ल टाकले. तेव्हा भांड्यातून जांभळ्या रंगाची दाट वाफ निघाली. ही वाफ थंड पृष्ठभागावर जमून तिचे काळसर, चकचकीत स्फटिक तयार झाले.

हा पदार्थ नवे मूलद्रव्य असावे अशी शंका कुर्त्वा यांना आली. परंतु पुढील संशोधनासाठी लागणारा पैसा त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी दिलेल्या नमुन्यांवर पुढे फ्रान्सचे जोझेफ ल्वी गे-ल्युसॅक आणि इंग्लंडचे हंफ्री डेव्ही यांनी काम केले आणि हे मूलद्रव्यच असल्याचे सिद्ध केले. जांभळ्या फुलासारखा रंग असलेला, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून गे-ल्युसॅक यांनी त्याला नाव दिले. इंग्रजीत त्याचे ‘आयोडीन’ झाले आणि मराठीनेही तेच नाव स्वीकारले.

मूलद्रव्याचे स्वरूप

आयोडीनचा अणुक्रमांक ५३ असून अणुभार सुमारे १२६.९ आहे. फ्लोरीन, क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्याच कुटुंबातील, म्हणजे हॅलोजन गटातील, हे मूलद्रव्य आहे. सामान्य तापमानाला फ्लोरीन व क्लोरीन वायुरूप असतात, ब्रोमीन द्रवरूप असते, तर आयोडीन घनरूपात आढळते. त्याचा वितळणबिंदू सुमारे ११४ अंश सेल्सिअस आणि उत्कलनबिंदू सुमारे १८४ अंश सेल्सिअस आहे. मात्र त्याखालच्या तापमानालाही त्याच्या स्फटिकांपासून हळूहळू वाफ निघत राहते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. कापराची वडी उघडी ठेवल्यास ती जशी झिजत जाते, तसाच हा प्रकार आहे.

आयोडीन पाण्यात फारच कमी विरघळते. अल्कोहोलमध्ये ते सहज विरघळते. स्टार्चशी म्हणजे पिष्टाशी त्याचा संबंध येताच गडद निळा रंग दिसतो. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून केलेला शाळेतील प्रयोग अनेकांना आठवत असेल. निसर्गात आढळणारे आयोडीन जवळजवळ संपूर्णपणे १२७ अणुभारांकाच्या एकाच स्थिर समस्थानिकाचे बनलेले असते.

आयोडीन जगात सर्वत्र थोडे थोडे पसरलेले असले तरी ते काढणे परवडेल अशी ठिकाणे मोजकीच आहेत. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील कॅलिचे नावाचे खनिज आणि जपानमधील नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातील खारे भूजल हे त्याचे प्रमुख स्रोत होत. भारताला लागणारे आयोडीन मुख्यतः आयातच करावे लागते.

शरीराला ते कशासाठी लागते?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. बोलीभाषेत तिला थायरॉईड असेच म्हटले जाते. या ग्रंथीत आयोडीन असते, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८९५ साली दाखवून दिले. पुढे १९१४ साली अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतील थायरॉक्झिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. थायरॉक्झिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशींची कामाची गती, उष्णता, वाढ आणि मेंदूचा विकास यांवर या संप्रेरकाचे नियंत्रण असते.

आहारातून आयोडीन कमी मिळू लागले, की ही ग्रंथी अधिक आयोडीन पकडण्यासाठी आकाराने वाढू लागते. यालाच गलगंड म्हणतात. छत्तीसगड आणि उत्तर भारतात त्याला ‘घेंघा’ असे नाव आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही गलगंडाचे वर्णन आढळते. मात्र गलगंड हे या कमतरतेचे केवळ डोळ्यांना दिसणारे लक्षण आहे. खरी हानी त्याआधी आणि नजरेआड होत असते.

गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी काम करू लागलेली नसते. या काळात त्याच्या मेंदूची जडणघडण आईकडून मिळणाऱ्या संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणूनच गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीनची शिफारस केली जाते. तीव्र कमतरता असल्यास गर्भपात, मृतजन्म, बहिरेपणा, खुंटलेली वाढ आणि मतिमंदत्व अशा आपत्ती ओढवू शकतात. सौम्य कमतरतेत मूल वरकरणी निरोगी दिसते. पण त्याची आकलनशक्ती जेवढी होऊ शकली असती तेवढी होत नाही. तीव्र कमतरतेच्या प्रदेशांत केलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करता मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १२ ते १३ गुणांनी कमी आढळला आहे. या काळात झालेले नुकसान पुढे कितीही आयोडीन दिले तरी पूर्णपणे भरून येत नाही.

समुद्रापासून दूर

पृथ्वीवरील आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. समुद्रावरून ते हवेत जाते आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरते. परंतु पूर, धूप आणि अतिवृष्टी यांमुळे जमिनीतील आयोडीन पुन्हा वाहून जाते. अशा जमिनीतील पीक दिसायला टवटवीत असले तरी त्यात आयोडीन अल्प असते. कारण वनस्पतीला स्वतःच्या वाढीसाठी त्याची गरज भासत नाही.

भिलाई आणि लगतचे दुर्ग शहर शिवनाथ नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. बंगालच्या उपसागराचा किनारा येथून चारशे किलोमीटरपेक्षा दूर आहे. भाताचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात रोजच्या जेवणात भाताचाच वाटा मोठा असतो आणि तांदळात आयोडीन फारच कमी असते. समुद्रातील मासळीही सर्वसामान्य कुटुंबाच्या ताटात रोज येत नाही. अशा वेळी मीठ हाच आयोडीनचा भरवशाचा मार्ग उरतो.

केवळ समुद्रापासूनचे अंतर हेच कमतरतेचे कारण आहे, असे मात्र नाही. पूर्वी हा आजार हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या पट्ट्याचा मानला जात असे. नंतरच्या सर्वेक्षणांत मैदानी आणि किनारी जिल्ह्यांतही गलगंडाचे रुग्ण आढळले. देशातील एकही राज्य या धोक्यापासून मुक्त नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. कोकणातल्या मिठागरात पिकणाऱ्या साध्या मिठातही शरीराला पुरेल इतके आयोडीन नसते. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनचे मीठ, हा समज चुकीचा आहे.

मिठाचीच निवड का झाली?

आयोडीन लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी असा पदार्थ हवा होता, जो गरीब-श्रीमंत सर्वजण खातात, रोज खातात आणि साधारण सारख्याच प्रमाणात खातात. मीठ या सर्व कसोट्यांना उतरते. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२४ पासून आयोडीनयुक्त मीठ वापरात आले.

भारतात या उपायाची कसोटी कांगडा खोऱ्यात लागली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तेथे गलगंडाचा अभ्यास हाती घेतला. खोऱ्याचे तीन विभाग पाडण्यात आले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागाला साधे मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांनी पाहणी केली असता आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटलेले दिसले. १९६२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आजाराची व्याप्ती गलगंडापुरती नाही हे लक्षात आल्यावर १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले.

भारतातील मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळले जाते. पोटॅशियम आयोडाइडच्या तुलनेत ते उष्ण व दमट हवेत अधिक टिकते. एक टन मिठात अवघे ३० ग्रॅम आयोडीन मिसळले, तरी दर किलोमागे ३० मिलिग्रॅम प्रमाण साधते. वाहतूक आणि साठवण यांत काही आयोडीन उडून जाते. त्यामुळे कारखान्यात अधिक मात्रा ठेवून किरकोळ विक्रीच्या पातळीवर दर किलोत किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असले पाहिजे, असा दंडक आहे. अशा १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते.

देशातील बहुतांश मीठ गुजरातमध्ये तयार होते आणि दूरच्या राज्यांत ते मोठ्या प्रमाणावर मालगाडीने जाते. भिलाईच्या कारखान्यातून निघालेले रूळ देशभर अंथरले गेले आहेत. आणि भिलाईसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावांचे आयोडीन अशाच रुळांवरून घरी येते.

बंदी, माघार आणि पुन्हा बंदी

खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर केंद्र सरकारने १९९७ साली नियमाद्वारे बंदी घातली. २००० साली मात्र ती उठवण्यात आली. सार्वजनिक आरोग्याच्या बाबी सक्तीऐवजी माहितीपूर्ण निवडीवर सोडाव्यात, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. सक्तीला विरोध करणाऱ्यांमध्ये लहान मीठ उत्पादकांच्या रोजीरोटीचा मुद्दा मांडणारेही होते. डॉक्टर आणि पोषणतज्ज्ञांनी या निर्णयावर टीका केली. ज्या गर्भवती स्त्रीला आयोडीनचे नावही ठाऊक नाही, तिने निवड कशाच्या आधारावर करावी, हा त्यांचा प्रश्न होता. अनेक राज्यांनी आपल्या पातळीवरील बंदी कायम ठेवली.

मे २००६ पासून केंद्राची बंदी पुन्हा लागू झाली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ साली न्यायालयाने संबंधित नियम मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. परंतु सार्वजनिक आरोग्याचा विचार करून तो सहा महिने चालू ठेवण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नवे विनियम अमलात आले आणि त्यांत थेट मानवी सेवनासाठी विकल्या जाणाऱ्या मिठावर आयोडीनचे बंधन घालण्यात आले.

आकडेवारीतही हा प्रवास दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९८-९९ मध्ये पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी कुटुंबे ४९ टक्के होती. २००५-०६ मध्ये हे प्रमाण जेमतेम ५१ टक्के झाले. मधल्या सात वर्षांत देश जवळजवळ जागीच राहिला. पुढे २०१८-१९ च्या देशव्यापी आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ सुमारे ७६ टक्के कुटुंबांत आढळले. प्रगती मोठी आहे. तरीही चारपैकी एका घरात पुरेशा आयोडीनचे मीठ पोहोचलेले नव्हते, हेही त्यातून दिसते.

ज्या वर्षी केंद्राची बंदी उठली, त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. या राज्याने शिधावाटप दुकानांचा मार्ग निवडला. गरीब कुटुंबांना ‘अमृत नमक’ या नावाने आयोडीनयुक्त मीठ वाटण्यात येऊ लागले. राज्याच्या २०१२ च्या खाद्य व पोषण सुरक्षा कायद्यातही तांदळाबरोबर आयोडीनयुक्त मिठाचा समावेश करण्यात आला. स्वस्त खडे मीठ आणि पिशवीबंद मीठ यांच्या किमतीतील फरक गरिबाच्या घरी निर्णायक ठरतो. शिधापत्रिकेवर मीठ मिळाल्यास तो अडसर दूर होतो.

लोह आणि आयोडीन

भिलाईच्या संदर्भात आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. अवटु ग्रंथीत आयोडीनपासून संप्रेरक घडवणाऱ्या विकराच्या केंद्रस्थानी लोह असते. शरीरात लोहाची कमतरता असल्यास मिळालेल्या आयोडीनचाही पुरेसा उपयोग होत नाही. रक्तक्षय ही भारतातील स्त्रियांची आणि मुलांची मोठी समस्या असल्याने ही दोन्ही पोषकद्रव्ये एकाच मिठातून देण्याची कल्पना पुढे आली.

वरकरणी सोपी वाटणारी ही गोष्ट रसायनशास्त्राच्या दृष्टीने अवघड होती. मिठात लोहाचे क्षार मिसळताच त्यांची आयोडेटशी प्रक्रिया होते, आयोडीन मोकळे होऊन उडून जाते आणि मिठाचा रंगही बदलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्थिरीकारक द्रव्य वापरून या दोघांना एकत्र नांदवण्याची पद्धत विकसित केली. लोह व आयोडीन अशा दोन्ही द्रव्यांनी युक्त असलेल्या या मिठाला दुहेरी पोषणमूल्ययुक्त मीठ म्हणतात.

रुग्णालयापासून पोलादाच्या प्रयोगशाळेपर्यंत

टिंक्चर आयोडीनची तपकिरी बाटली एकेकाळी घरोघरी असे. जखमेवर लावताच होणारी आग आणि त्वचेवर उठणारा डाग ही तिची ओळख. १९५० च्या दशकात आलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये आयोडीन हळूहळू मोकळे होत असल्याने आग कमी होते आणि जंतुनाशक गुण टिकतो. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर फासले जाणारे तपकिरी द्रव बहुधा हेच असते.

आयोडीनचा अणू जड असल्याने क्ष-किरण त्यातून सहज पार होत नाहीत. म्हणून अँजिओग्राफी आणि सीटी स्कॅनच्या वेळी रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात यासाठी आयोडीनयुक्त द्रव टोचले जाते. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे आठ दिवसांचा असून अवटु ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेवर आणि कर्करोगावर त्याचा उपचार केला जातो. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्राने या क्षेत्रात देशात पायाभूत काम केले. हेच समस्थानिक अणुभट्टीच्या अपघातात बाहेर पडल्यास घातक ठरते. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर परिसरातील मुलांमध्ये अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. अशा प्रसंगी पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या वेळेवर दिल्यास ग्रंथी आधीच आयोडीनने भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही.

कृत्रिम पावसासाठी ढगांत फवारले जाणारे सिल्व्हर आयोडाइड हेही आयोडीनचेच संयुग आहे. आणि पोलाद उद्योगाशीही आयोडीनचा जुना संबंध आहे. गंधक अधिक असलेले पोलाद तापवून लाटताना तडकते. म्हणून त्यातील गंधक मोजणे अत्यावश्यक असते. आधुनिक यंत्रे येण्यापूर्वी पोलादाचा नमुना आम्लात विरघळवून त्यातून निघणारा गंधकयुक्त वायू शोषून घेतला जाई आणि त्यावर आयोडीनचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले जाई. सर्व गंधक संपल्यावर पडणारा पुढचा थेंब पिष्टाला निळे करी आणि रसायनतज्ज्ञाला उत्तर मिळे.

ग्राहकांनी काय पाहावे?

मिठातील आयोडीन ओळखण्याच्या साध्या तपासणी संचातही हाच निळा रंग उपयोगी पडतो. चिमूटभर मिठावर संचातील द्रावणाचा थेंब टाकताच मीठ निळे-जांभळे झाले, तर त्यात आयोडीन आहे. रंग न आल्यास ते मीठ साधे समजावे.

मीठ खरेदी करताना पिशवीवर आयोडीनयुक्त असल्याचा उल्लेख आणि हसणाऱ्या सूर्याचे चिन्ह पाहावे. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, ओलावा, ऊन आणि चुलीची धग यांपासून दूर ठेवावे. खडे मीठ धुऊन वापरल्यास वरचे आयोडीन पाण्याबरोबर निघून जाते. शक्य तेथे स्वयंपाकाच्या शेवटी मीठ घातल्यास आयोडीनची हानी कमी होते.

आयोडीनसाठी जास्त मीठ खाण्याची मात्र गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मीठ कमी, पण असेल ते आयोडीनयुक्त, हाच योग्य मार्ग आहे. ज्यांना अवटु ग्रंथीचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच आयोडीनच्या गोळ्या किंवा पूरक औषधे घ्यावीत. कारण अति आयोडीनही ग्रंथीचे कार्य बिघडवू शकते.

दरवर्षी २१ ऑक्टोबर हा दिवस जगभर आयोडीन न्यूनता विकार प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. आयोडीन शरीरात दीर्घकाळ साठून राहत नाही. त्यामुळे एखाद्या पिढीने गलगंडावर मात केली, तरी पुढच्या पिढीला ती मेहनत पुन्हा करावीच लागते. मिठाच्या डब्यात ते रोज असणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.